सुई अडकायची ती जागा

हे मी रचून लिहिलेलं नाही. माझ्या घरात घडलंय. खरं तर अजून घडतंय.

आधीच सांगतो, यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, बाराचा ठोका नाही. वेळ दुपारी अडीचची. ठिकाण रहाटणी, तिसरा मजला. समोरच्या गॅलरीत लोकांचे कपडे वाळत घातलेले, खाली भाजीवाला माइकवरून ओरडतोय. असल्या वेळी भूत दिसतं म्हटलं तर कुणी हसेल. हसा. मीही हसलो असतो.

आणि कमेंटमध्ये "डॉक्टरला दाखवा" लिहिणाऱ्यांनो, दाखवलंय. दोन डॉक्टरांना दाखवलंय. तेवढं शहाणपण आहे मला.

माझं नाव समाधान. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दहा वर्षं झाली. काम एकच, दुसऱ्याने केलेल्या कामातली खोट शोधायची. घरी बायको मैत्री आणि आई, सोजरबाई. वडील मी शाळेत असतानाच गेले.

आणि एक मोठा भाऊ होता. सनीदादा.

दादा भोसरीत मशीन ऑपरेटर. पण नाद राजाचा. जुन्या इंग्रजी रॉकच्या रेकॉर्ड जमवायचा. सुट्टी मिळाली की पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन धुळीत बसायचा. आम्ही भीमगीतं ऐकत वाढलेली माणसं, आणि ह्याला ती किंचाळणारी गिटार हवी. एकोणचाळीस रेकॉर्ड होत्या त्याच्याकडे. त्यातली एक भारी. इंग्लंडमध्ये १९७१ साली छापलेली, अगदी पहिल्या खेपेची. बँडचं नाव सांगत नाही. सांगितलं तर ती आता कुणाकडे आहे ते तुम्ही शोधून काढाल.

दादाची कायम पहिली शिफ्ट. दोनला सुटायचा, अडीचला घरी. हातपाय धुवायचा, पलंगाच्या कडेला बसायचा, ताट मांडीवर घ्यायचा आणि ती रेकॉर्ड लावायचा. प्लेअर एका डगमगत्या लाकडी स्टुलावर. आई गरम भाकरी वाढायची आणि तो मान हलवत जेवायचा.

माझी तेव्हा नाइट असायची. सकाळी आठला येऊन झोपलेला माणूस मी. एके दिवशी डोकं फिरलं. तसाच उठलो, बाहेर आलो आणि स्टुलाला लाथ घातली.

सुई फरफटली. दादा प्लेअर धरायला धावला. स्टुलाच्या खिळ्याने त्याचा अंगठा फाटला. रेकॉर्डवर रक्ताचे थेंब पडले, ते त्याने स्वतःच्या बनियनने पुसले. मला एक शिवी दिली नाही. "झोप जा, डोळे बघ कसे लाल झालेत," एवढंच म्हणाला.

पण त्या दिवसापासून तिसऱ्या गाण्यात सुई अडकायला लागली.

नेमकी एकाच जागी. तेवढाच तुकडा पुन्हा... पुन्हा... पुन्हा...

दादाला त्याचीही गंमत. जेवता जेवता ओरडायचा, "आई, समाधान अडकला बघ गं!" आणि फरशीवर दोनदा पाय आपटायचा.

धप्. धप्.

स्टूल हलायचं आणि सुई उडी मारून पुढे जायची. आई हसायची. मैत्री तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली, तीही पदराआड हसायची.

मला मात्र हसू यायचं नाही.

पुढचं पटकन सांगतो.

२०२२ चा मे महिना. वार गुरुवार, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातली आठवड्याची सुट्टी. दादा घरी, मी ओव्हरटाइमला. माझा डबा घरीच राहिला होता. अकराच्या सुमारास मी दादाला फोन केला. म्हटलं, "कँटीन बंद आहे. डबा घेऊन ये."

आईने ताज्या भाकऱ्या थापल्या. त्याला म्हणाली, "जा बाबा, पोरगं उपाशी हाय." तो टळटळीत उन्हात गाडी काढून निघाला.

मोशीच्या पुढे कंटेनरने उडवलं. जागच्या जागी गेला.

डबा मला पोलीस चौकीत मिळाला. चेपला होता, पण झाकण उघडलं नव्हतं.

आईने मला कधी दोष दिला नाही. एक शब्द नाही. पण त्या दिवसापासून तिने मला एक गोष्ट विचारणं बंद केलं.

"समाधान, जेवलास का रं?"

कामावरून आलो की हे विचारायचीच. लहानपणापासून. चप्पल काढायच्या आत. ते बंद झालं. गॅस संपला म्हणून सांगायची, लाइटबिल भर म्हणायची. ताटही वाढून ठेवायची. पण विचारायची नाही. तुम्हाला रोज कुणी विचारत असेल तर तुम्हाला हे कळणार नाही. मी चार वर्षं त्या एका वाक्याला भुकेला होतो, अक्षरशः भुकेला.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता आईने त्याचं ताट वाढलं आणि पलंगावर ठेवलं. मग प्लेअरजवळ गेली. तिला धड बटणं माहीत नव्हती. चाचपडत ती रेकॉर्ड लावली.

पहिलं गाणं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यात सुई अडकली.

पुन्हा... पुन्हा... पुन्हा...

मला सहन होईना. बंद करायला उठलो, तेवढ्यात...

धप्. धप्.

आतल्या खोलीतून.

सुई पुढे गेली.

मैत्री माझ्या शेजारी उभी होती. आई समोर बसली होती. आतल्या खोलीत कुणी नव्हतं. मी जाऊन बघितलं, कपाटामागे, पलंगाखाली, सगळीकडे. फक्त फरशी होती.

परत आलो तर आई आतल्या दाराकडे बघून हसत होती. "आला," म्हणाली.

त्यानंतर रोज. सणवार असो, आजारपण असो. अडीच वाजता ताट, रेकॉर्ड, तिसरं गाणं, आणि ते दोन आवाज. मैत्री पहिले काही दिवस रडली, मग तिलाही सवय झाली. खालच्या मजल्यावरच्या मृदुला काकू एकदा वर आल्या आणि आईला म्हणाल्या, "सोजरबाई, दुपारच्या पाय आपटता का हो? आमचा पंखा हलतो." आईचे दोन्ही गुडघे गेलेले. ती भिंत धरून चालते. काकूंनी तिचे पाय बघितले आणि तशाच खाली गेल्या.

मला भीती वाटायची का? नाही. मला राग यायचा.

मेलेल्याला ताट, मेलेल्याला हसू. मी जिवंत, समोर बसलेला, आणि तिचं लक्ष आतल्या दाराकडे. मी ती रेकॉर्ड विकायची ठरवली. पैशासाठी नाही, उगाच मनाची समजूत कशाला घालू. तो आवाज बंद झाला तर आई माझ्याकडे वळेल, एवढाच हिशेब होता माझा.

रेकॉर्ड जमवणाऱ्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. त्यात फोटो टाकला. तासाभरात एकाचा मेसेज. नाव ओजस, हिंजवडीला आयटीत मोठ्या पदावर. फार सभ्य माणूस. म्हणाला, "सर, घ्यायचीच आहे. फक्त एक प्ले टेस्ट पाठवा. दोन्ही बाजू, मध्ये न थांबवता, एकाच व्हिडिओत. या वस्तूंमध्ये असंच चालतं."

यंदाची चैत्र पौर्णिमा गुरुवारी होती. आई वंदनेला विहारात गेली, मैत्री तिला सोडायला गेली. घरात मी एकटा. खुर्चीत बसलो, मोबाइल समोर उभा केला आणि रेकॉर्ड लावली.

तिसरं गाणं. सुई अडकली. आतून दोन आवाज आले. सुई पुढे गेली.

पाठवून दिला व्हिडिओ. विचार केला, त्याला काय कळतंय.

संध्याकाळी ओजसचा फोन. "सर, राग मानू नका. तिसऱ्या ट्रॅकला स्किप आहे आणि तुम्ही पाय आपटून पुढे ढकलताय. ऐकू येतं ते."

"मी नाही आपटला," मी म्हणालो.

"सर, आवाज अगदी कॅमेऱ्याजवळ आहे."

मी व्हिडिओ पुन्हा लावला. फ्रेममध्ये प्लेअर होता, स्टूल होतं आणि माझे दोन्ही पाय होते. पाय जागचे हलले नव्हते. आवाजही आतल्या खोलीतला वाटत नव्हता. माझ्या खुर्चीशेजारचा वाटत होता.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मी क्वालिटीचा माणूस. आमच्याकडे पार्टमध्ये खोट सापडली तर पार्ट लगेच भंगारात टाकत नाहीत. आधी रिवर्क करून बघतात. घासून, पुसून, कडेचा खरखरीत बर काढून तो पास करायचा. दहा वर्षं हेच केलंय. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला जाताना रेकॉर्ड उशीच्या अभ्र्यात घालून नेली. गेटवर सिक्युरिटीने विचारलं, "हे काय?" म्हटलं, "सॅम्पल पार्ट." त्याने रजिस्टरमध्ये तसं लिहून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत इन्स्पेक्शन रूम रिकामी असते. मायक्रोस्कोपच्या स्टेजवर रेकॉर्ड कशीबशी मावली. मला वाटत होतं, माझ्या लाथेने ओरखडा पडला असणार. तो दाबून सरळ करायचा.

पण ओरखडा नव्हताच.

खाचेत काहीतरी चिकटून बसलं होतं. तपकिरी, काळपट, राईच्या दाण्याच्या शंभराव्या हिश्शाएवढं. सुई त्याला धडकून मागे फिरत होती.

टूलरूमचे ज्योतीराम मामा डबा संपवून तिथे आले. मावळातले जुने माणूस, हातात कला आहे. मी म्हटलं, "मामा, हे कसं काढू? माती बसलीय."

त्यांनी डोळा लावला. बराच वेळ बघितलं.

"माती न्हाई रं ही," ते हळूच म्हणाले. "रगत हाय."

मला माहीत होतं कुणाचं ते.

"कुनाची हाय ही वस्तू?"

"भावाची."

"मग ऱ्हाऊ दे की. कशापायी खरवडतोस?"

मी बारीक सुई घेतली, टोकाला सॉल्व्हंट लावलं आणि खरवडायला सुरुवात केली.

बाजूच्या ग्रॅनाइट टेबलावर डायल गेज उभा होता. त्याचा काटा केसाएवढी हालचालसुद्धा दाखवतो. मी सुई टेकवली आणि तो काटा हलला. एकदा... आणि पुन्हा एकदा.

"शॉप फ्लोअरवरचं प्रेस मशीन चालू झालं वाटतं," मी म्हणालो.

"समदे जेवायला गेल्यात," मामा म्हणाले. "शॉप बंद हाय." आणि ते पाठ फिरवून बाहेर निघून गेले.

मी थांबलो नाही. वीस मिनिटं लागली. शेवटचा कण निघाला तो कापसाच्या बोळ्यावर घेतला आणि बोळा भंगाराच्या ड्रममध्ये टाकला. पुन्हा डोळा लावून बघितलं. खाच एकदम स्वच्छ. आमच्या भाषेत ओके पार्ट.

चारला घरी आलो. दार उघडंच होतं.

आई प्लेअरसमोर बसली होती. प्लेअरची रिकामी थाळी गोल फिरत होती. पलंगावरचं दादाचं ताट निवून गेलं होतं.

"सनीचं गाणं कुठं हाय?" तिने विचारलं. माझ्याकडे न बघता.

"साफ करायला नेलं होतं, आई. हे घे."

तिने दोन्ही हातांनी घेतली. लावली. मी मागे उभा राहून मोबाइल काढला आणि व्हिडिओ चालू केला. ओजसला पाठवायचा होता ना. म्हटलं, आता लावतेच आहे तर कामात काम.

हो, मी तेव्हा असा विचार केला. शिव्या द्यायच्या तर द्या.

पहिलं गाणं. दुसरं. तिसरं.

ती जागा आली...

सुई सरळ पुढे गेली.

कुठे अडकली नाही. आतून काही आवाज नाही. गाणं नुसतं वाहत राहिलं आणि संपलं.

आईने सुई उचलून मागे ठेवली. पुन्हा तीच जागा, पुन्हा सरळ. पुन्हा मागे. मी मोजलं, अकरा वेळा. बाराव्या वेळी तिने सुई बाजूला ठेवली आणि आतल्या दाराकडे बघितलं.

"गेला," ती म्हणाली. "काढून टाकलंस त्याला."

खाचेतून काय काढलं ते मी तिला सांगितलं नव्हतं. तरी असं म्हणाली.

आणि मला काय वाटलं माहितीये? बरं वाटलं. छातीवरचा धोंडा उतरला. मी रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावली, दोन्ही बाजू एकाच व्हिडिओत घेतल्या आणि पाठवून दिला. ओजसचं उत्तर दोन मिनिटांत. "परफेक्ट! तिथे बसलेल्या आजी आहेत का? केवढ्या तल्लीन होऊन ऐकतायत." शनिवारी कामावरून सुटलो आणि हिंजवडीच्या जाममधून दीड तास गाडी रेटत ती त्याच्या हातात देऊन आलो.

आई सहा दिवस बोलली नाही. पाणी दिलं तर प्यायची, तोंडाला घास लावला तर गिळायची. मी वाट बघत होतो. म्हटलं, होईल सवय. मग वळेल माझ्याकडे.

पुढच्या गुरुवारी मी घरी होतो. मैत्री स्वयंपाकघरात. आई पलंगावर टेकून बसलेली. घड्याळात अडीच वाजले.

आईने मान वळवली. चार वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्या डोळ्यांत बघितलं.

"समाधान, जेवलास का रं?"

खरं सांगतो, मी लहान पोरासारखा रडलो. तिच्या पायाशी जाऊन बसलो. "नाही गं आई. नाही जेवलो. तू वाढ."

"समाधान, जेवलास का रं?"

"नाही म्हटलं ना. वाढ की."

"समाधान, जेवलास का रं?"

मी थांबलो.

"समाधान, जेवलास का रं?"

तोच सूर. "का"वर तोच बारीक हेलकावा. "रं" म्हणताना तोच श्वास तुटतोय. पापणीही तिथेच हलतेय. पुन्हा... पुन्हा... पुन्हा...

मैत्री धावत आली. "आई! ओ आई! अहो, काय झालं यांना?"

मी काय केलं असेल? खिशातून मोबाइल काढला आणि स्टॉपवॉच लावलं. सवय आहे, काय करणार. एका वाक्यापासून पुढच्या वाक्यापर्यंत एक पूर्णांक आठ सेकंद. सहा वेळा मोजलं. सहाही वेळा एक पूर्णांक आठ.

ती रेकॉर्ड मिनिटाला सव्वातेहतीसच्या जरा वर फेरे घेते. एक फेरा एक पूर्णांक आठ सेकंदांचा.

संध्याकाळी सहापर्यंत चालू होतं. मग थकून झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली, अगदी गप्प. अडीच वाजले आणि पुन्हा सुरू. पहिल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी मेंदूचा स्कॅन काढला. स्कॅन स्वच्छ आहे म्हणाले, वयोमानाने होतं असं.

मी ओजसला फोन केला. रेकॉर्ड परत मागितली. तो बिचारा द्यायला तयारही झाला. पण म्हणाला, "सर, तिसरा ट्रॅक मी रोज ऐकतो. आता तिथे काहीच नाहीये. अगदी रिकामं वाटतं ते. तुम्ही काय काढलंत तिथून?"

मी फोन ठेवला. रेकॉर्ड आणून करणार काय होतो? जे हवं होतं ते कंपनीच्या भंगारातून कधीच निघून गेलं होतं.

चौथ्या दिवशी आईच्या ओठाच्या कडेला रक्त दिसलं. मैत्रीचा धीर सुटला.

"अहो, पाय आपटा."

"काय?"

"सुई अडकलीय. दादा काय करायचे? पाय आपटा!"

मी जागचा हललो नाही. मग तिनेच आपटला. दोनदा.

आई थांबली. घर इतकं शांत झालं की खालच्या भाजीवाल्याचा माइक ऐकू आला. आईने एक आवंढा गिळला आणि पुढे बोलली. आवाज अगदी साधा, रोजचा.

"सनी सांगतोय, कँटीन चालू होती म्हनं त्या दिवशी."

मैत्रीने माझ्याकडे बघितलं.

हे कुणालाच माहीत नव्हतं. आईला नाही, मैत्रीला नाही. फक्त मला माहीत होतं.

हो. कँटीन चालू होती. त्या गुरुवारी भात, आमटी आणि वांग्याची भाजी होती. आदल्या रविवारी माझ्या सासरची माणसं जेवायला आली होती, सगळ्यांसमोर दादा ओरडला, "समाधान अडकला बघ गं!" आणि सगळे हसले. ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. म्हटलं, ह्याला जरा उन्हात पळवू. चाळीस अंशात चाकणपर्यंत ये आणि जा. एवढंच. मी फक्त त्याला पळवणार होतो.

मैत्रीने पिशवी भरली. "माणूस आहात का तुम्ही?" जाताना विचारलं. देहूरोडला माहेरी गेली. आईला बरोबर न्यायचा प्रयत्न केला तिने, पण आई पलंगावरून हलेना.

आता घरी आम्ही दोघंच. मी मुद्दाम नाइट मागून घेतली, म्हणजे दुपारी घरी असतो. सकाळी आईला खाऊपिऊ घालतो, औषध देतो. अडीच वाजता खुर्ची ओढून तिच्यासमोर बसतो.

पाय आपटला तर ती पुढे जाईल, मला माहीत आहे. घसा सुटेल बिचारीचा. पण पुढे सनी आहे. पुढे कँटीन आहे.

न आपटता बसलो, तर ती माझ्याकडे बघते. माझं नाव घेते. जेवलास का विचारते.

मी नाही आपटत.

चुकून लागू नये म्हणून दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसतो. समोर ताट घेतो आणि तिच्याकडे बघत जेवतो. चार वर्षांचं उरलंसुरलं सगळं भरून घेतल्यासारखं. तिचा आवाज बसत चाललाय, मला दिसतं ते. तरी बसतो.

गेल्या गुरुवारी असाच बसलो होतो. मांडीवर ताट. भाकरी, मेथीची भाजी. आईचं चालू होतं.

समाधान, जेवलास का रं? समाधान, जेवलास का रं?

शेवटचे दोन घास राहिले होते. तेवढ्यात...

धप्. धप्.

माझ्या खुर्चीखालून.

माझे दोन्ही पाय वर होते.

आई थांबली. तिची नजर माझ्यावरून हळूहळू खाली गेली. खुर्चीच्या खाली. आणि ती हसली. दादा जेवायला बसला की हसायची तसं, अगदी तसं.

"थांब रं सनी," ती म्हणाली. "ह्याचं जेवान होऊ दे. मग ने."

तोंडातला घास मी तसाच हातावर काढला. ताट झाकून ठेवलं. ते अजून ओट्यावर आहे, दोन घास शिल्लक असलेलं. फेकायची हिंमत होत नाही.

आज पाचवा दिवस. चहावर आहे. कंपनीत कँटीन चालू असते, वास येतो, दारापर्यंत जातो आणि परत फिरतो. ज्योतीराम मामा काल सकाळी मी सुटताना गेटवर भेटले, म्हणाले, "पोरा, वाळलास रं. जेवत का न्हाईस?" त्यांनाही सांगितलं नाही.

आत्ता हे लिहितोय तेव्हा दोन पस्तीस झालेत. आई समोर बसलीय. घसा पार गेलाय, आता शब्द नाहीत, नुसती हवा येते. पण ओठ हलतात. मला वाचता येतात.

समाधान, जेवलास का रं?

समाधान, जेवलास का रं?

पाय मी वर घेतलेत. खुर्ची खालून हलतेय.

मी तिला उत्तर देत नाही.